मांडव्याच्या आश्रमातला मुद्देमाल

महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषींची कथा येते. आश्रमाच्या दाराशी झाडाखाली हात वर करून ते तप करत होते आणि त्यांनी मौन धरलं होतं. राजाच्या शिपायांनी पाठलाग चालवलेले चोर त्या आश्रमात शिरले. लुटीचा माल त्यांनी तिथेच दडवला आणि स्वतःही दडून बसले. मागून आलेल्या शिपायांनी ऋषींना विचारलं, चोर कुठल्या वाटेनं गेले? ऋषी गप्पच. झडतीत माल सापडला, चोरही सापडले. शिपायांनी चोरांबरोबर मांडव्यांनाही बांधून राजापुढे नेलं आणि राजानं सगळ्यांना सुळावर चढवायची आज्ञा दिली.

या कथेतला प्रत्येक पुरावा खरा आहे. माल चोरीचाच होता, तो आश्रमातच होता आणि विचारल्यावर ऋषींनी उत्तर दिलं नव्हतं. आजच्या पोलीस ठाण्यात हेच मुद्दे कागदावर आले असते: मुद्देमाल हस्तगत, इसम जागेवर हजर, समाधानकारक खुलासा नाही. तरीही निष्कर्ष चुकला. न्यायदानाचे नियम सांगणाऱ्या नारदस्मृतीनं याच मांडव्याचा दाखला दिला आहे. निवाड्याच्या नुसत्या रीतीवर विसंबलं, तर चोर नसलेला माणूसही चोर ठरू शकतो, हे तिला सांगायचं आहे.

कथा तिथे संपत नाही. सुळावरही मांडव्य मरत नाहीत. राजाला चूक कळते, तो क्षमा मागतो, पण सुळाचं टोक अंगात राहून जातं आणि ते अणिमांडव्य होतात. मग ते थेट यमधर्माला गाठून विचारतात, कुठल्या पापाची ही शिक्षा? लहानपणी किड्यांच्या अंगात गवताची काडी खुपसली होती, असं उत्तर येतं. एवढ्याशा अपराधाला एवढी शिक्षा? मांडव्य खुद्द धर्माला शाप देतात आणि धर्म विदुराच्या रूपानं दासीपोटी जन्म घेतो. चौदा वर्षांच्या आतल्या मुलाला पाप लागणार नाही, हा दंडकही ते घालून देतात. कथाकारानं इथे दोन न्यायासनं समोरासमोर ठेवली आहेत. एकाला अर्धंच दिसतं, दुसऱ्याला सगळं दिसतं, आणि चूक दोघांच्याही हातून होते.

माणसाच्या वाट्याला पहिलंच न्यायासन आलेलं आहे. चित्रगुप्ताची वही त्याला उघडून पाहता येत नाही. त्याच्या हाती येतो फरशीवरचा डाग, दाराच्या कडीवरचा ठसा, नखात अडकलेला धागा. अशा वस्तूंवरून घडून गेलेलं सत्य कळतं का, आणि कळत असेल तर कुणाच्या भरवशावर? प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे, पण तो रोज रात्री कुठल्या ना कुठल्या हवालदारापुढे उभा राहतो.

न्यायदर्शनाच्या पंडितांनी, म्हणजे नैयायिकांनी, ज्ञानाची चार साधनं मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. घटनास्थळी पोहोचणाऱ्या अधिकाऱ्याला गुन्ह्याचं प्रत्यक्ष मिळत नाही, कारण गुन्हा घडून गेलेला असतो. समोर असतं ते चिन्ह. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग असणार. या अनुमानाचा सगळा भार व्याप्तीवर आहे, म्हणजे जिथे धूर तिथे आग हा नियम कधीच मोडत नाही, या खात्रीवर. चार्वाकांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. सगळे धूर आणि सगळ्या आगी कुणी पाहिल्या आहेत? नैयायिकांनी उत्तर देताना ‘उपाधी’ची कल्पना बारकाईनं मांडली. धुरावरून आग ठरते, पण आगीवरून धूर ठरत नाही. त्यासाठी सरपण ओलं असावं लागतं. ती जादा अट विसरली की अनुमान फसतं.

बंगालमधल्या जलपायगुडीच्या एका चहामळ्यात १८९७ मध्ये हीच कसोटी लागली. मळ्याच्या व्यवस्थापकाचा गळा चिरलेला आढळला आणि पैशांची पेटी फोडलेली होती. कागदपत्रांत एक बंगाली पंचांग निघालं आणि त्यावर तपकिरी डाग होते. त्यांतल्या एका डागात अंगठ्याच्या रेषा स्पष्ट उमटल्या होत्या. कलकत्त्यात ठशांचं सरकारी कार्यालय त्याच वर्षी सुरू झालं होतं. ठशांच्या वर्गीकरणाचं मूळ गणित तिथल्या अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघांनी मांडलं, जरी पद्धतीला नाव त्यांच्या इंग्रज वरिष्ठाचं मिळालं. पंचांगावरचा ठसा पूर्वी चोरीत शिक्षा झालेल्या एका जुन्या नोकराच्या ठशाशी जुळला. डाग रक्ताचा असल्याचं रसायनतज्ज्ञानं सांगितलं.

१८९८ मध्ये निकाल लागला. न्यायालयानं त्या माणसाला चोरीबद्दल शिक्षा दिली, खुनाबद्दल दिली नाही. ठशावरून तो माणूस तिथे होता एवढं निश्चित होत होतं आणि पेटीतला ऐवज त्यानं नेला हेही पटण्यासारखं होतं. पण गळा त्यानंच चिरला, हे सांगायला आणखी काहीतरी हवं होतं आणि ते नव्हतं. खून करताना कुणी पाहिलेलं नसताना खुनाची शिक्षा देणं न्यायालयाला सुरक्षित वाटलं नाही. बोटांच्या ठशांवर शिक्षा झालेल्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या खटल्यांपैकी हा एक, आणि त्यातच ठसा किती बोलतो आणि कुठे गप्प होतो याची रेघ आखली गेली. ओल्या सरपणाची अट त्या न्यायासनावर बसलेल्यांना कुणी शिकवली नव्हती, तरी ती त्यांनी पाळली.

विसाव्या शतकानं वस्तूवर फार मोठा विश्वास टाकला. फ्रान्समधल्या लियाँ शहरात एडमंड लोकार्द यांनी १९१० मध्ये पोलिसांसाठी छोटी प्रयोगशाळा थाटली. गुन्हेगार जागेवर काहीतरी सोडून जातो आणि तिथलं काहीतरी घेऊन जातो, हा त्यांचा विचार आजही प्रत्येक प्रशिक्षणात पहिल्या तासाला सांगितला जातो. पुढे अमेरिकेतल्या पॉल कर्क यांनी १९५३ च्या आपल्या ग्रंथात या विश्वासाला जवळजवळ धर्मवचनाचं बळ दिलं. साक्षीदार घाबरतो, विसरतो, फितूर होतो, वस्तू तसं करत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

या विश्वासानं माणसं वाचवली आहेत, हे आधी मान्य केलं पाहिजे. इंग्लंडमधल्या लेस्टरजवळ १९८३ आणि १९८६ मध्ये दोन शाळकरी मुलींचे खून झाले. सतरा वर्षांच्या एका मुलानं दुसऱ्या खुनाची कबुली दिली. लेस्टर विद्यापीठात अॅलेक जेफ्रीज यांनी १९८४ मध्ये डीएनए ओळखण्याची पद्धत शोधली होती. पोलिसांनी नमुने त्यांच्याकडे नेले, तेव्हा दोन्ही खून एकाच माणसाचे निघाले आणि तो माणूस हा मुलगा नव्हता. खुनाच्या तपासात डीएनएचा पहिला उपयोग झाला तो निरपराध माणसाला सोडवण्यासाठी. स्वतःच्या तोंडची कबुली खोटी होती आणि वस्तू खरी होती. खरा गुन्हेगार १९८८ मध्ये शिक्षेला पोहोचला.

मग जर्मनीत उलटं घडलं.

एप्रिल २००७ मध्ये हाइलब्रॉन शहरात एका तरुण पोलीस शिपाई महिलेचा गोळी घालून खून झाला. गाडीवरून घेतलेल्या नमुन्यात एका अज्ञात स्त्रीचा डीएनए मिळाला. हाच डीएनए १९९३ मधल्या एका वृद्धेच्या खुनाशी जुळत होता, घरफोड्यांशी जुळत होता, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधल्या गुन्ह्यांशीही जुळत होता. जवळपास चाळीस घटनास्थळांवर तीच बाई. तिच्यावर तीन लाख युरोंचं इनाम लागलं. ती कधी पुरुषांसारखी वावरत असेल, कधी टोळीबरोबर फिरत असेल, असे तर्क वर्षानुवर्षं लढवले गेले. अखेर २००९ मध्ये एका मृत पुरुषाची ओळख पटवण्यासाठी घेतलेल्या नमुन्यातही तोच स्त्रीचा डीएनए आला आणि पोलिसांचे डोळे उघडले. ती बाई अस्तित्वात होती, पण ती गुन्हेगार नव्हती. नमुने घेण्याच्या कापसाच्या काड्या ज्या कारखान्यात भरल्या जात, तिथे ती काम करत होती. काड्या निर्जंतुक केलेल्या होत्या, पण जंतू मेले म्हणून डीएनए जात नाही. शिपाई महिलेच्या खुनामागे नवनाझी टोळी होती, हे २०११ मध्ये कळलं.

न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्याला या चुकीचं नाव चटकन आठवेल. हेतू, म्हणजे अनुमानाला आधार असलेलं चिन्ह, जिथे असल्याचं सांगितलं जातं तिथे तो मुळात नसतोच, तेव्हा त्याला ‘स्वरूपासिद्ध’ म्हणतात. धूर म्हणून दाखवलेलं ते धुकं असतं. हाइलब्रॉनमध्ये व्याप्तीत खोट नव्हती: डीएनए जुळतो म्हणजे माणूस तोच, हे खरंच होतं. प्रयोगशाळेतलं यंत्रही खरंच बोलत होतं. खोट एका साध्या वाक्यात होती: ‘हा नमुना त्या गाडीवरचा आहे.’ आणि हे वाक्य कुठलीही वस्तू बोलत नाही. ते माणूस बोलतो.

या लेखाचं म्हणणं इथेच आहे. ठसा, रक्त, डीएनए यांची जगभर अनुमानात गणना होते. पण न्यायासनापर्यंत ते पोहोचतात शब्दप्रमाणाच्या वाटेनं. हा चाकू त्या मोरीतून काढला, ही बाटली माझ्यासमोर सील केली, हे पाकीट मी प्रयोगशाळेत जसंच्या तसं दिलं: अशा पाचपंचवीस माणसांच्या शब्दांवर वस्तू उभी असते. त्यांतला एक शब्द निसटला तर उरते ती नुसती वस्तू, आणि नुसती वस्तू मांडव्यांच्या आश्रमातही होती.

मग शब्द कुणाचा मानावा? न्यायसूत्रांचं उत्तर आहे, आप्ताचा. भाष्यकार वात्स्यायनांच्या मते आप्त म्हणजे ज्यानं गोष्ट स्वतः जाणली आहे, जशी पाहिली तशीच ती सांगण्याची ज्याला इच्छा आहे आणि त्या इच्छेनं जो बोलतो, असा माणूस. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या सगळ्यांना सारखंच लागू आहे, असंही ते सांगतात. जन्म, पदवी, गणवेश यांतलं काहीच माणसाला आप्त करत नाही. आपल्या परंपरेतल्या सर्वांत उदार विधानांपैकी हे एक आहे, आणि त्याचा खरा उपयोग आज पंचनाम्याच्या कागदावर आहे.

घटनास्थळ हाताळण्याचे नियम या नजरेनं पाहिले की त्यांचा अर्थ लागतो. आधी जागा दोरीनं बंद करायची आणि आत गेलेल्या प्रत्येकाचं नाव लिहायचं. काहीही हलवण्याआधी छायाचित्र आणि मापं. रक्तानं भिजलेला कपडा सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवायचा, कारण प्लॅस्टिकमध्ये ओल धरून तो कुजतो आणि डीएनए नष्ट होतो. प्रत्येक वस्तूचं वेगळं पाकीट, त्यावर पंचांच्या सह्यांची चिठ्ठी, लाखेचं सील आणि त्या सीलचा नमुना वेगळा. मग मुद्देमाल रजिस्टरात नोंद, आणि प्रयोगशाळेकडे नेणाऱ्या शिपायाच्या नावानं पत्र. प्रयोगशाळेत पाकीट फोडण्याआधी सील शाबूत आहे का आणि नमुन्याशी जुळतं का, ते पाहून लिहून ठेवतात. बाहेरून हे सगळं कारकुनी वाटतं. पण ‘जसं पाहिलं तसंच’ या तीन शब्दांना यापेक्षा चांगलं कर्मकांड अजून कुणाला सुचलेलं नाही, आणि ते श्रद्धेनंच पाळायला हवं.

ते पाळलं नाही तर काय होतं, याची उदाहरणं दूरच्या देशातून आणायला नकोत. ठाणे जिल्ह्यात २०१० मध्ये सहा वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. आरोपीला फाशी सुनावली गेली, मुंबई उच्च न्यायालयानं ती कायम केली. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याला सोडलं. नमुने वेळेत प्रयोगशाळेत का गेले नाहीत, याचा उलगडा सरकार पक्षाला करता आला नाही. आरोपीला मराठी येत नव्हतं. तरी त्याचं निवेदन मराठीत लिहिलं गेलं आणि ते त्याला त्याच्या भाषेत समजावून दिलेलं नव्हतं. त्याआधी नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या छावला भागातल्या एकोणीस वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात असंच झालं. नमुने १४ आणि १६ फेब्रुवारी २०१२ रोजी घेतले, प्रयोगशाळेत पोहोचले २७ तारखेला. मधले दिवस ते पोलिसांच्या मालखान्यात होते. त्यांत ढवळाढवळ झाली नसेलच असं म्हणता येत नाही, असं सांगून न्यायालयानं फाशीची शिक्षा झालेल्या तिघांना मोकळं केलं.

अशा निकालांनी लोक भडकतात, आणि मुलीच्या आईबापांपुढे उभं राहून त्यांना तत्त्वज्ञान सांगण्याची हिंमत कुणीच करू नये. एका पाकिटाच्या उशिरापायी खुनी सुटत असेल तर हा कसला धर्म, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. पण उत्तर न्यायालयात शोधण्याऐवजी मालखान्यात शोधलं पाहिजे. त्या दिवसांत त्या मुलीच्या बाजूनं बोलू शकणारा एकच साक्षीदार उरला होता, आणि तो एका पाकिटात होता. त्याची राखण झाली नाही. अधर्म घडला तो तिथे. पुढच्या न्यायालयाकडे दोनच वाटा उरल्या: शंका असताना फास आवळायचा, किंवा सोडायचं. पहिली वाट घेणारा राजा मांडव्यांच्या कथेत आहे.

पुण्याच्या एका प्रकरणानं ही सीमारेषा देशाला आखून दिली. जून १९८२ मध्ये एका नवविवाहितेचा सायनाइडनं मृत्यू झाला. नवऱ्याला सत्र न्यायालयानं फाशी सुनावली आणि उच्च न्यायालयानं तीच कायम केली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शरद बिरधीचंद सारडा या नावानं ओळखल्या जाणाऱ्या निकालात त्याला सोडलं, कारण आत्महत्येची शक्यता पुसली गेली नव्हती. परिस्थितिजन्य पुराव्याच्या पाच अटी त्यात मांडल्या आहेत आणि निकालानंच त्यांना ‘पंचशील’ म्हटलं आहे. प्रत्येक दुवा पक्का सिद्ध व्हावा, आरोपीच्या दोषाखेरीज दुसरा कुठलाही तर्क त्या साखळीत बसू नये, असा त्यांचा गाभा. ‘असू शकेल’ आणि ‘असलंच पाहिजे’ यांतलं अंतर १९७३ च्या शिवाजी बोबडे निकालानंही सांगितलं होतं, आणि तोही खटला महाराष्ट्रातला. नैयायिक ज्याला व्यभिचारी हेतू म्हणतात, म्हणजे जो दुसऱ्याही निष्कर्षाकडे जाऊ शकतो, त्याला इथे फाशीच्या दोराजवळ येऊ दिलेलं नाही.

शंका उरलीच तर देवाला विचारावं, हा मार्गही या भूमीनं चालून पाहिला आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत तूळ, अग्नी, जल, विष आणि कोश अशी पाच दिव्यं आहेत. मात्र लेख, भोगवटा आणि साक्षीदार ही माणसाची प्रमाणं नसतील तेव्हाच दिव्य, अशी अट तिथे आहे. अग्निदिव्याचा विधी तर मुद्दाम पाहावा. आधी माणसाच्या तळहातांवर भात चोळून घेतात आणि हातावरच्या जुन्या खुणा टिपून ठेवतात, मगच पिंपळाची सात पानं बांधून तापलेला लोखंडी गोळा हातावर देतात. मराठेशाहीतल्या रवादिव्यातही उकळत्या तेलातुपातून धातूचा तुकडा काढल्यावर हातावर पिशवी बांधून मोहोर करत. जुनी खूण नवी ठरू नये, मधल्या काळात कुणी औषध लावू नये, म्हणून ही काळजी. कौल देवाचा, पण त्याच्याही पुराव्याला माणसाची नोंद आणि माणसाचं सील लागत होतं. दिव्य गेलं ते बरंच झालं. मागे ठेवण्यासारखं त्यात होतं ते एवढंच.

दिव्याची ओढ मात्र गेली नाही. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयानं प्रसादातून विष दिल्याच्या खटल्यात एका विद्यार्थिनीला जन्मठेप दिली, तेव्हा पुराव्यात तिच्या मेंदूतल्या विद्युत लहरींची चाचणीही होती. गुन्ह्याचा ‘अनुभव’ मेंदूत सापडल्याचा दावा होता. पुढे उच्च न्यायालयानं तिला जामीन दिला. २०१० मध्ये सेल्वी निकालात सर्वोच्च न्यायालयानं नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूची ही चाचणी संमतीविना करायला मनाई केली. बोटांचे ठसे देणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणं नव्हे, असं अकरा न्यायमूर्तींनी १९६१ मध्येच मुंबई राज्याच्या एका खटल्यात ठरवलं होतं. दोन्ही निकाल मिळून एक उंबरठा तयार होतो. देहाची खूण घ्या, मनाचा दरवाजा फोडू नका. तो उंबरठा योग्य जागी आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनं सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञानं घटनास्थळी जाणं बंधनकारक केलं. राज्यांना त्याच्या तयारीसाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. झडती आणि जप्तीचं चित्रीकरणही आता करावं लागतं. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं डीएनएचे नमुने ४८ तासांत प्रयोगशाळेत पोहोचवायला आणि ते कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेले याचं रजिस्टर ठेवायला सांगितलं. हे सगळं हवंच होतं. पण कॅमेरा कुठे वळवायचा ते माणूस ठरवतो आणि रजिस्टरात वेळ माणूसच लिहितो.

त्यांतला एक माणूस पोलीस नसतो. परिसरातल्या किमान दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवाशांना पंच म्हणून बोलवावं, असं झडतीचा कायदा सांगतो, आणि लेखी आदेश मिळूनही सबळ कारणाविना नकार देणं गुन्हा आहे. तरी शिकलेली माणसं दार लावून घेतात, आणि पोलीस ठाण्याच्या आसपास सहज हाती लागणारी तीच ती नावं पंचनाम्यांखाली येत राहतात. कधी तुमच्या गल्लीत असा प्रसंग आला आणि हवालदारानं विचारलं, तर जा. वस्तू कुठून काढली ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, सील तुमच्यासमोर लागू द्या, कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचा आणि त्यात न पाहिलेलं काही असेल तर सही करू नका. चार वर्षांनी समन्स आलं तर रजा काढून न्यायालयात जा आणि जेवढं पाहिलं तेवढंच सांगा.